कागदावर ८.४, प्रत्यक्षात ७.९ : एका स्लँट सिक्स इंजिनाची पुनर्बांधणी

या प्रकरणाचा विषय १९६७ सालची एक डॉज डार्ट गाडी आहे. तिच्यात क्रायस्लरचे २२५ घनइंची 'स्लँट सिक्स' इंजिन आणि तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी कामाला आली तेव्हा चालू स्थितीत होती आणि धूरही बेताचाच होता. इंजिन काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका कार्यशाळेत पूर्ण खोलून 'परफॉर्मन्स'साठी म्हणून बांधलेले होते. त्या कामात जास्त अंशांची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारी 'गरम' कॅमशाफ्ट, ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) क्षमतेचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर बसवण्यात आला होता. एवढा खर्च होऊनही गाडीला पिकअप नाही, ही मालकाची तक्रार होती. सिग्नलवरून निघताना ती मूळच्या साध्या डार्टपेक्षाही मंद वाटे, आयडलवर सतत थरथरे आणि वेग धरल्यावरच तिच्यात थोडा जीव येई. मालकाला शर्यत लावायची नव्हती. शहरात आणि महामार्गावर गाडी जोमाने चालावी, चढावर गिअर न उतरवता जावी आणि नेहमी मिळणाऱ्या पेट्रोलवर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड) न करता चालावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

इंजिनाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. अमेरिकी प्रवासी गाड्यांत १९६० ते १९८३ या मॉडेल वर्षांत वापरले गेलेले हे इंजिन ३० अंश कललेले असते. त्यामुळे बॉनेट खाली घेता आले आणि इन्टेक मॅनिफोल्डच्या नळ्यांना लांबी मिळाली. २२५ च्या आवृत्तीत बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०४.८ मिमी आहे, म्हणजे बोअरपेक्षा स्ट्रोक बराच मोठा. क्रँकशाफ्ट चारच मेन बेअरिंगांवर बसलेली असली तरी ती या काळात फोर्ज केलेली असे आणि तिचे जर्नल (बेअरिंगांत फिरणारे भाग) चांगले जाड, ६९.८५ मिमी व्यासाचे असतात. कारखान्याने जाहीर केलेली ताकद १४५ अश्वशक्ती होती, पण ती 'ग्रॉस' पद्धतीने, म्हणजे एअर क्लीनर, सायलेन्सर आणि इतर भार वगळून मोजलेली. १९७२ पासून अमेरिकेत 'नेट' आकडे छापायला सुरुवात झाल्यावर याच इंजिनापुढे ११० अश्वशक्ती लिहिली जाऊ लागली. जुन्या गाडीच्या मालकाने छापील आकड्याशी आपल्या गाडीची तुलना करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा, नाहीतर निरोगी इंजिनही त्याला आजारी वाटू लागते.

इंजिन उघडण्यापूर्वी

पाना हातात घेण्यापूर्वी गाडीच्या गिअरिंगचा हिशेब केला, आणि निम्मे निदान तिथेच झाले. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर २.९३ आणि चाकाचा घेर सुमारे १.९५ मीटर. म्हणजे ताशी ८० किमी वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६८४ फेरे घेते आणि टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण २,००० आरपीएमवर फिरते. ताशी १०० किमीला हाच आकडा २,५०० होतो. बसवलेली कॅमशाफ्ट मात्र २,८०० च्या पुढेच काम करू लागत होती. मालक ज्या टप्प्यात रोज गाडी चालवत होते तो सगळा टप्पा कॅमशाफ्टच्या उपयोगाच्या पट्ट्याखाली राहत होता.

त्यानंतर इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात निर्माण होणारा दाब, मोजले. सहा सिलिंडरांचे आकडे ९५ ते ११० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) यांदरम्यान आले. सिलिंडरात दाबाने हवा भरून केलेल्या लीक-डाउन चाचणीत तीन सिलिंडरांत एक्झॉस्टकडून आणि दोनांत रिंगांकडून हवा निसटत असल्याचे आढळले, पण ही गळती एवढ्या कमी कॉम्प्रेशनचे पूर्ण स्पष्टीकरण देण्याइतकी नव्हती. सर्वांत कमी गळतीच्या सिलिंडरचा आकडादेखील ११० च्या वर गेला नव्हता. आयडलवर मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम पाऱ्याच्या १२ इंचांच्या आसपास होता आणि गेजचा काटा स्थिर राहत नव्हता. इंजिनाची झीज झालेली होती हे खरे, तरी सगळे व्हॉल्व्ह आणि रिंगा नव्या असत्या तरी ते सुस्तच राहिले असते, असा आमचा अंदाज होता. तो तपासायला इंजिन उघडून मोजमाप घेणे भाग होते.

छापील गुणोत्तर आणि खरे गुणोत्तर

पिस्टन तळाशी असतानाची सिलिंडरातली जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट, हे कॉम्प्रेशन गुणोत्तर. या इंजिनाचे जाहीर गुणोत्तर ८.४ आहे. हेड काढल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरली ती पिस्टनची खोली. पिस्टन अगदी वर आणून डायल गेज लावला, तर त्याचा माथा ब्लॉकच्या पृष्ठभागापासून ४.३ मिमी खाली होता. पिस्टन असा खोल राहणे या इंजिनाच्या मूळ रचनेतच आहे आणि ब्लॉकागणिक त्यात फरकही पडतो. दुसरी बाब गॅस्केटची. कारखान्यात पातळ पत्र्याचे, साधारण अर्धा मिमी जाडीचे गॅस्केट बसत असे. मागच्या दुरुस्तीत त्याऐवजी आजकाल सर्रास मिळणारे कॉम्पोझिट गॅस्केट घातले होते आणि दाबल्यानंतर त्याची जाडी १ मिमी भरत होती. तिसरी बाब हेडची. वारंवार सीट कापल्याने व्हॉल्व्ह आत बसले होते आणि ज्वलनकक्षाचे आकारमान ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने द्रव सोडून) मोजल्यावर सरासरी ५८ घनसेंमी निघाले.

आता हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरचे विस्थापन ६१३.७ घनसेंमी. पिस्टन वर असताना शिल्लक राहणारी जागा म्हणजे कक्षाचे ५८, पिस्टनच्या माथ्यावरच्या पोकळीचे २५.२ आणि गॅस्केटचे ६.१, मिळून ८९.३ घनसेंमी. विस्थापन आणि ही शिल्लक जागा यांच्या बेरजेला शिल्लक जागेने भागले की गुणोत्तर ७.८७ येते. जाहीर ८.४ ऐवजी प्रत्यक्षात ७.९ गुणोत्तर असलेल्या इंजिनावर शर्यतीच्या वळणाची कॅमशाफ्ट बसवलेली होती.

कॅमशाफ्टमुळे नेमके काय बिघडले हे समजण्यासाठी आणखी एक पायरी पुढे जावे लागते. पिस्टन तळातून वर येऊ लागला तरी इन्टेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही, आणि तो बंद होईपर्यंत कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. काढलेल्या कॅमशाफ्टवर हा व्हॉल्व्ह पिस्टन तळ सोडल्यानंतर ७५ अंशांनी बंद होत होता. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड १७० मिमी लांब आहे. ती लांबी धरून पिस्टनची जागा काढली, तर त्या क्षणी स्ट्रोकचा ७० टक्केच भाग उरलेला असतो. म्हणजे ६१३.७ घनसेंमीपैकी सुमारे ४३१ घनसेंमीच खऱ्या अर्थाने दाबले जातात आणि प्रभावी गुणोत्तर ५.८ वर येते. जास्त आरपीएमवर आत शिरणाऱ्या हवेच्या वेगामुळे उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा फायदा होतो. १,५०० आरपीएमवर मात्र तो वेगच नसतो आणि भरलेले मिश्रण पिस्टन पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॉम्प्रेशन गेजवरचे ११० पीएसआय आणि आयडलवरची थरथर यांचे मूळ इथे होते.

यावरून कामाची दिशा ठरली. शिल्लक जागा कमी करून स्थिर, म्हणजे पूर्ण स्ट्रोक धरून काढलेले गुणोत्तर ९.२ च्या आसपास न्यायचे, इन्टेक व्हॉल्व्ह लवकर बंद करणारी कॅमशाफ्ट निवडायची आणि बाकीचे सगळे भाग त्या दोन निर्णयांना साजेसे ठेवायचे. ९.२ वर थांबण्याला कारण होते. या हेडचा कक्ष उघड्या प्रकारचा आहे. पिस्टन वर आला तरी तो हेडच्या सपाट भागाजवळ पोचत नाही, त्यामुळे मिश्रण ढवळून नॉकिंग टाळणारी 'स्क्विश'ची क्रिया इथे जवळजवळ नसतेच. त्या क्रियेसाठी पिस्टन आणि हेड यांत १ मिमीच्या आसपास फट लागते, आणि आपल्याकडे फेसिंगनंतरही (पृष्ठभाग कापून सपाट केल्यावरही) ती चौपट राहणार होती. उंच माथ्याचे खास पिस्टन बनवून घेतले असते तर हा प्रश्न मुळापासून सुटला असता, परंतु मालकाला सहज मिळणारे ओव्हरसाइझ पिस्टनच हवे होते. पुढच्या दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचा आग्रह रास्त होता.

ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट

खालच्या भागात आश्चर्याचे काही नव्हते. बोअर वरच्या रिंगेच्या जागी सर्वाधिक झिजलेले होते. पहिल्या ओव्हरसाइझला दोन सिलिंडर साफ निघण्याची खात्री नव्हती, म्हणून ०.०३० इंच ओव्हरसाइझ घेऊन बोअर ८७.१२ मिमी केले. होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासणी) करताना ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट आवळली होती, कारण हेड बोल्ट आवळल्यावर सिलिंडरचा आकार किंचित बदलतो आणि होनिंग त्या ताणलेल्या स्थितीतच झालेले बरे. रिंगांच्या टोकांतली फट ०.३५ मिमी ठेवली. क्रँकशाफ्टचे जर्नल ०.०१० इंच ग्राइंड करून तेलाच्या छिद्रांच्या कडा घासल्या. सरळ रेषेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन्ही असंतुलने रचनेतच एकमेकांना छेदतात. त्यामुळे पिस्टन आणि रॉड यांची वजने एकमेकांशी जुळवणे पुरेसे झाले आणि महागडे बॅलन्सिंग करावे लागले नाही.

ब्लॉकचा पृष्ठभाग १ मिमी फेस केला आणि पिस्टनची खोली ४.३ वरून ३.३ मिमीवर आली. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने या कापण्याचा चेन टायमिंगवर परिणाम होत नाही. इन्टेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असल्यामुळे व्ही-आठ इंजिनांप्रमाणे मॅनिफोल्डची छिद्रे सरकण्याचीही भीती नसते. अशा कामाला हे इंजिन त्या मानाने दयाळू आहे.

ऑइल पंपाबाबत मालकाचा आग्रह जास्त क्षमतेच्या पंपाचा होता. तो आम्ही मान्य केला नाही. हा पंप ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला बसतो आणि कॅमशाफ्टवरील गिअर त्याला थेट फिरवतो. हा गिअरच या इंजिनाचा ठाऊक असलेला कच्चा दुवा आहे, आणि मोठ्या पंपाचा भार तिथेच येतो. बेअरिंगची फट योग्य असेल तर मूळ क्षमतेचा पंप पुरतो.

हेड

सर्वांत जास्त वेळ हेडवर गेला आणि तो सार्थकी लागला. एक्झॉस्ट सीट शिसेविरहित पेट्रोलवर चालून खोल गेल्या होत्या, म्हणून तिथे कठीण धातूच्या सीट बसवल्या. इन्टेककडे सीट शाबूत होत्या, पण व्हॉल्व्ह आत बुडाले होते. मूळ इन्टेक व्हॉल्व्ह ४१.१ मिमीचा असतो. त्याऐवजी ४३.२ मिमीचा व्हॉल्व्ह बसवला, की मोठ्या व्यासामुळे सीट पुन्हा वरच्या, ताज्या धातूवर येते आणि हवेला वाटही रुंद मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मूळ मापाचाच ठेवला. पोर्टच्या तोंडाला मोठे करण्याचा मोह अनेकांना होतो आणि चकाकणारा पोर्ट फोटोतही छान दिसतो. खरा अडथळा मात्र सीटच्या लगेच खाली, कारखान्याच्या कटरने सोडलेल्या धारदार कडेवर असतो. ती कड घासून सीट आणि पोर्ट यांचा उतार एकसंध केला, सीटवर तीन कोन कापले आणि पोर्टच्या उरलेल्या लांबीला हात लावला नाही. कमी आरपीएमवर पोर्टमधील हवेचा वेग टिकायला हवा, आणि पोर्ट उगाच रुंद केला तर तोच वेग जातो.

व्हॉल्व्हचे काम झाल्यावर कक्ष पुन्हा मोजले, ते ५७ घनसेंमी भरले. आता किती फेसिंग करायचे, हा प्रश्न होता. नव्या बोअरप्रमाणे सिलिंडरचे विस्थापन ६२४.६ घनसेंमी झाले होते. गुणोत्तर ९.२ हवे असेल तर एकूण शिल्लक जागा ७६.२ घनसेंमी असायला हवी. त्यातून पिस्टनच्या माथ्यावरचे १९.७ आणि गॅस्केटचे ६.१ वजा केले की कक्षासाठी ५०.४ घनसेंमी उरतात. कापण्याच्या खोलीचे तयार कोष्टक वापरता येते, पण कक्षाच्या कडा उतरत्या असल्याने आणि व्हॉल्व्ह बदललेले असल्याने कोष्टकावर विसंबण्यापेक्षा हेडलाच विचारलेले बरे. हेड उलटे ठेवून, स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना समतल केले. स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह ग्रीसने बंद करून एका कक्षात ब्युरेटमधून बरोबर ५०.४ घनसेंमी रंगीत द्रव सोडला. द्रवाची पातळी कक्षाच्या काठाखाली थांबली. हेडच्या पृष्ठभागापासून त्या पातळीपर्यंतची खोली डेप्थ गेजने मोजली, तर ती १.२ मिमी होती. एवढेच फेसिंग करायचे होते. गेजचे टोक द्रवाला टेकताच द्रव त्याला चिकटून किंचित वर चढतो. वाचन त्या क्षणाच्या आधीचे घ्यावे लागते, नाहीतर आकडा फसवतो. फेसिंगनंतर सहाही कक्ष मोजून पाहिले आणि जे किंचित लहान निघाले तेवढे घासून सगळे समान केले.

ब्लॉक आणि हेड मिळून २.२ मिमी कमी झाल्याने पुशरॉड (कॅमशाफ्टची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे दांडे) तुलनेने लांब झाले. या इंजिनाच्या रॉकरांना टॅपेट सेटिंगचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवण्याचे स्क्रू असतात, पण ते मर्यादेच्या टोकाला नेऊन काम भागवणे आम्हाला पटले नाही. तशा स्थितीत रॉकर व्हॉल्व्हच्या देठाला मध्यावर टेकत नाही आणि गाइडची झीज वाढते. म्हणून तेवढेच आखूड पुशरॉड बनवून घेतले.

कॅमशाफ्ट

नवी कॅमशाफ्ट २६४ अंशांची घेतली. इन्टेक व्हॉल्व्ह पिस्टन तळ सोडल्यावर ६० अंशांनी बंद होईल, ही ती निवडण्यामागची मुख्य अट होती. लिफ्टचा आकडा आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. ६० अंशांना स्ट्रोकचा सुमारे ८१ टक्के भाग शिल्लक असतो. त्यावरून प्रभावी गुणोत्तर ७.६ येते. काढलेल्या जोडीच्या ५.८ शी याची तुलना केली, की गाडीला पिकअप का नव्हता याचे उत्तर एका ओळीत मिळते.

गंमत अशी की, हीच नवी कॅमशाफ्ट जुन्या हेड-गॅस्केटवर बसवली असती तर प्रभावी गुणोत्तर ६.६ झाले असते, आणि जुनी गरम कॅमशाफ्ट नव्या ९.२ च्या इंजिनावर ठेवली असती तर ६.८. म्हणजे दोन्हींपैकी एकच दुरुस्ती केली असती तरी सुधारणा जाणवली असती आणि तिथेच समाधान मानण्याचा मोह झाला असता.

कॅमशाफ्ट बसवल्यावर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावून तपासले, तेव्हा नव्या चेन-स्प्रॉकेटच्या संचामुळे ती ३ अंश उशिरा येत असल्याचे दिसले. स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळल्या होत्या, पण खुणा जुळणे आणि कॅमशाफ्ट जागेवर असणे या भिन्न गोष्टी आहेत. ऑफसेट की घालून ती ३ अंश पुढे आणली. ३ अंश क्षुल्लक वाटतात, तथापि इन्टेक बंद होण्याचा क्षण तेवढाच उशिरा येतो, आणि ज्या आकड्यासाठी एवढे फेसिंग केले त्यातलाच काही भाग परत द्यावा लागतो.

श्वास आणि ठिणगी

कार्ब्युरेटरचे गणित तर आणखी सरळ होते. ३.७५ लिटरचे इंजिन ४,५०० आरपीएमवर, ८० टक्के भरण धरले, तर मिनिटाला सुमारे ६,७५० लिटर हवा घेते. सीएफएममध्ये हा आकडा २४० च्या घरात जातो. ६०० सीएफएमच्या कार्ब्युरेटरमध्ये एवढ्याशा हवेने व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) पुरेसा ओढा निर्माण होत नाही, पेट्रोलचे थेंब जाड राहतात आणि पेडल दाबताच इंजिन क्षणभर गुदमरते. ४,५०० च्या फार पुढे जाण्याचा प्रश्नही नव्हता. १०४.८ मिमी स्ट्रोकवर ५,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरपेक्षा जास्त होतो, आणि रस्त्यावरच्या जुन्या इंजिनाला तो रोज सोसायला लावणे शहाणपणाचे नाही. क्रायस्लरने १९७७ पासून याच इंजिनासाठी 'सुपर सिक्स' या नावाने दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि त्याचा मॅनिफोल्ड दिला होता. तोच संच शोधून बसवला.

नळ्यांचा हेडर काढून मूळ प्रकारचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावला. या निर्णयावर मालक काही काळ नाराज होते. हेडरचा आवाज त्यांना आवडे, आणि आवाज म्हणजे ताकद असे मानण्याकडे सगळ्यांचाच थोडाफार कल असतो. या इंजिनात कार्ब्युरेटरच्या खाली इन्टेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांना जोडलेले असतात आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने मिश्रणातले पेट्रोल वाफेच्या रूपात टिकते. हेडर लावल्यावर ही ऊब नाहीशी झाली होती आणि लांब नळ्यांच्या भिंतींवर पेट्रोल साठून टोकाच्या पहिल्या व सहाव्या सिलिंडरांना पातळ मिश्रण मिळत होते. मूळ मॅनिफोल्डसोबत पुढचा पाइप मात्र ५७ मिमी व्यासाचा, सौम्य वळणांचा केला. दोन्ही मॅनिफोल्डची जोडणी करताना एक पथ्य पाळावे लागते. त्यांना एकमेकांशी जोडणारे बोल्ट आधी सैल ठेवून, दोन्ही हेडवर बसवल्यानंतरच आवळायचे, आणि हेडवरचे नट फक्त १२० इंच-पाउंडांनी, म्हणजे हाताला अपुरे वाटेल इतक्याच जोराने आवळायचे. बीड तापल्यावर लांबते आणि त्याला सरकायला जागा नसेल तर तडा जातो. या गाडीसोबत आलेला मूळ मॅनिफोल्ड अशाच तड्यामुळे बाद झालेला होता, म्हणून दुसरा शोधावा लागला.

मागच्या कामात कार्ब्युरेटर बदलताना टॉर्कफ्लाइटची थ्रॉटल लिंकेज तारेने जुजबी बांधलेली आढळली. ही लिंकेज केवळ किकडाउनसाठी (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडण्यासाठी) नसते. गिअरबॉक्समधील दाब पेडलच्या प्रमाणात वाढवणे हे तिचे काम आहे. ती नीट नसेल तर इंजिन जोर लावते, पण आतले क्लच ढिल्या दाबावर घसरत राहतात आणि जळतात. इंजिनाची ताकद वाढवून ही लिंकेज तशीच सोडणे म्हणजे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला आमंत्रण देणे होय. सुदैवाने गिअरबॉक्सचे तेल काढून पाहिले तेव्हा क्लचचा भुगा फारसा नव्हता.

इग्निशनसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट काढून क्रायस्लरच्या पुढच्या काळातला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घेतला. कंपनीने तो १९७३ पासून सर्व गाड्यांत दिला होता. त्याचा यांत्रिक अ‍ॅडव्हान्स (आरपीएमबरोबर ठिणगी लवकर पाडण्याचे प्रमाण) आमच्या इंजिनाला जास्त होता, म्हणून आतल्या खाचा वेल्डिंगने भरून तो मर्यादित केला. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (कमी भारावर ठिणगी आणखी लवकर पाडणारी सोय) कायम ठेवला. तो बंद करून टाकण्याची प्रथा शर्यतीच्या इंजिनांतून रस्त्यावर आली आहे आणि तिने पेट्रोल वाया घालवण्यापलीकडे काही साधत नाही.

पहिला स्टार्ट

अनेक जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवता येतो. इथे पंप आणि डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे ती युक्ती चालत नाही. ऑइल प्रेशरच्या सेन्सरची जागा उघडून, दाबाच्या टाकीतून तेल सगळ्या गॅलरीत भरले आणि इंजिन हाताने फिरवत रॉकर शाफ्टमधून तेल पाझरेपर्यंत थांबलो. रॉकर शाफ्टच्या मागच्या टोकाचा बोल्ट इतरांपेक्षा वेगळा असतो, कारण तेल त्याच्याभोवतीच्या जागेतून वर चढते. तो बोल्ट दुसऱ्या जागी गेला तर रॉकर कोरडे राहतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

इंजिन सुरू होताच ते २,००० ते २,५०० आरपीएमवर नेऊन २० मिनिटे आयडलवर येऊ दिले नाही. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमशाफ्टला हा काळ निर्णायक असतो, कारण तिच्या लोबवर तेल मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या तुषारांतून पोचते. तेल जस्त-फॉस्फरस जास्त असलेले वापरले. त्यानंतर हेड बोल्ट पुन्हा ८८ न्यूटन-मीटरला तपासले आणि गरम इंजिनावर टॅपेट सेटिंग केले.

रस्त्यावरचे ट्यूनिंग

कागदावरचा हिशेब रस्त्यावर एका ठिकाणी अडला. सुरुवातीचे टायमिंग १२ अंश ठेवले होते. उन्हात, चढावर, टॉप गिअरमध्ये पेडल अर्धे दाबले की १,८०० च्या आसपास बारीक खडखड ऐकू येई. पूर्ण पेडलवर ती येत नव्हती, कारण तेव्हा किकडाउन होऊन आरपीएम वाढत आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सही निघून जाई. म्हणजे दोष एकूण अ‍ॅडव्हान्सचा नव्हता. तो अ‍ॅडव्हान्स किती लवकर येतो याचा होता. डिस्ट्रिब्युटरमधील एक स्प्रिंग अधिक कडक लावली, सुरुवातीचे टायमिंग १० अंशांवर आणले आणि यांत्रिक एकूण ३० अंशांवर मर्यादित राहिले. खडखड गेली. कॉम्प्रेशन ९.२ च्या पुढे नेले असते तर ही सवलत मिळाली नसती, असे आमचे मत आहे.

स्पार्क प्लग काढून रंग पाहिले, तेव्हा मधल्या तिसऱ्या-चौथ्याचा रंग विटकरी तपकिरी होता आणि टोकाच्या दोघांचा थोडा फिकट. मॅनिफोल्डच्या रचनेमुळे हा फरक पूर्ण जात नाही. मुख्य जेट एक माप मोठे करून टोकाचे सिलिंडर सुरक्षित बाजूला आणले आणि मधल्यांचे मिश्रण किंचित जाड राहू दिले.

बांधणी पूर्ण झाल्यावर कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरांत १५० पीएसआयच्या आसपास आले आणि त्यांतला फरक ५ पीएसआयच्या आत राहिला. आयडलवरचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या १८ इंचांवर स्थिर झाला. ताशी ५० किमीवरून टॉप गिअरमध्येच वेग धरण्यासाठी आता पेडल थोडेसे दाबणे पुरते. पूर्वी त्याच जागी गिअरबॉक्स किकडाउन करी आणि तरीही गाडी ओढत नसे. ४,००० च्या पुढे मात्र ही गाडी पूर्वीच्या गरम कॅमशाफ्टच्या तुलनेत लवकर दमते, आणि मालकाने ते स्वतः चालवून पाहिल्यावर मान्य केले.

मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर २.९३ वरून ३.२३ करावे का, हा विषय चर्चेत राहिला. तसे केल्यास ताशी ८० किमीला इंजिन २,००० ऐवजी २,२०० आरपीएमवर फिरेल आणि शहरातला उठाव आणखी वाढेल, पण ताशी १०० ला ते २,७५० च्या पुढे जाईल. मालक महामार्गावर जास्त फिरतात आणि नव्या टॉर्कवर जुने गुणोत्तर त्यांना पुरेसे वाटते, म्हणून अ‍ॅक्सलला हात लावलेला नाही. कठीण सीट बसवलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कितपत टिकतात हे टॅपेटच्या फटीवरून कळेल. ती दर तेलबदलाला मोजून नोंदवून ठेवायचे ठरले आहे, आणि फट वाढण्याऐवजी कमी होत गेली तर व्हॉल्व्ह पुन्हा सीटमध्ये बुडत आहे असे समजून हेड उघडले जाईल.